गैरहजेरीची नोंद

७ जुलै २०२५, सोमवार

कंपनी दर जानेवारीत आम्हा निवृत्तांना एक डायरी पाठवते. यंदाची सहा महिने कपाटात पडून होती. आज काढली, कारण आजपासून मी विद्यार्थिनी आहे. नाव हेमलता, वय एकसष्ट, वर्गात सगळ्यांत म्हातारी.

जयनगरातल्या आमच्या घरापासून बारा मिनिटांच्या अंतरावर एक लॉ कॉलेज आहे. तिथे संध्याकाळी सहा ते साडेसात असा पाच महिन्यांचा वर्ग चालतो: सार्वजनिक कायदा आणि संविधानाची तोंडओळख. मारतहळ्ळीहून लेकीने, शाल्मलीने, फोनवर विचारलं, "आई, त्यापेक्षा योगा का नाही करत?" तिला म्हटलं, पाठीचा कणा माझा अजून ताठ आहे. नवऱ्याने, वासुदेवने, वर्तमानपत्र खाली न करता विचारलं, "चौतीस वर्षं सरकारी कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात नियम कोळून प्यायलीस. आता आणखी काय शिकणार?" मी म्हटलं, सर्टिफिकेट मिळतं.

शिकवणारे गुरुप्रसाद सर जेमतेम बत्तिशीचे असतील. इंग्रजीत सुरू करतात आणि रंगात आले की कन्नडमध्ये जातात. सात मिनिटं उशिरा आले. वहीत वेळ लिहून ठेवली. सवय जात नाही.

१८ जुलै

उद्देशिका झाली. 'आम्ही भारताचे लोक' या तीन शब्दांवर सर तासभर बोलले. मला वाटलं होतं, पाठ आहे म्हणजे कळलेली आहे. तसं नव्हतं.

सर आज पाच मिनिटं लवकर आले होते. बहुधा माझ्याच धाकाने.

५ ऑगस्ट

आज नैसर्गिक न्याय. सर म्हणाले, दोनच गोष्टी लक्षात ठेवा. आपल्याच भांडणात आपण न्यायाधीश व्हायचं नाही, आणि समोरच्याचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला शिक्षा करायची नाही. सगळे माना डोलवत लिहून घेत होते. मी हात वर केला.

"सर, रीतसर नोटीस दिली, तीन तारखा दिल्या, तरी माणूस आलाच नाही तर?"

"तर एकतर्फी चौकशी चालवता येते, मॅडम. पण चालवणाऱ्याने आधी स्वतःला एक विचारायचं. तो आला नाही, की त्याला येता आलं नाही?"

सगळ्यांसारखं मीही ते वाक्य उतरवून घेतलं. घरी आले, कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायच्या विसरले. वासुदेवने गॅस बंद केला. भाताचा लगदा झाला होता, त्याने तसाच खाल्ला.

६ ऑगस्ट

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

शेषगिरी राव. टूल स्टोअरमधले कारकून. चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातले, मराठी बोलताना निम्मं कन्नड. १९९८ साली स्टोअरमधले सहा मायक्रोमीटर सापडेनात. केसाएवढ्या जाडीचं माप घेणारी ती उपकरणं परदेशी बनावटीची होती. संशय शेषगिरींवर आला, निलंबन झालं आणि चौकशी अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली. मी तेव्हा चौतिशीची. एवढी मोठी पहिलीच चौकशी, आणि खात्यात बाई मी एकटी. कागदाला कागद लावून ती अशी चोख करायची, की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये, असं ठरवलं होतं.

आणि केलीही चोख. निलंबनाच्या दिवशीच त्यांचा प्रवेशपास जमा करून घेतला, माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला. निलंबित माणसाला माझ्या सहीच्या चिठ्ठीशिवाय आत सोडायचं नाही असा फाटकावर आदेश होता. हेमलताबाईंच्या चिठ्ठीशिवाय चिमणी आत येत नाही, असं कँटीनमध्ये म्हणत. मला ते ऐकून बरं वाटायचं. मग नोटिसा, रजिस्टर्ड पोस्टाने. पोचपावत्या आल्या, म्हणजे त्यांना मिळाल्या. सोमवार, गुरुवार, पुन्हा सोमवार, अशा तीन तारखा, सकाळी साडेदहा, प्रशासकीय इमारतीतली माझी खोली. तिन्ही वेळा पंधरा-पंधरा मिनिटं थांबले. तिसऱ्या दिवशी तर गडबडीतच फाटकावरून पहारेकरी फत्तेसिंगचा फोन आला, "मॅडम, वो एक आदमी सुबह से..." त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. चौकशी चालू आहे, नंतर कर म्हटलं. पावणेअकराला लाल शाईने लिहिलं: 'नोटीस मिळूनही गैरहजर. एकतर्फी निर्णय.' महिन्याभरात ते बडतर्फ झाले.

खुपतं ते एवढंच, की चौथी तारीख द्यायला हवी होती. नियमात नव्हती, पण देता आली असती. बाकी माणूस स्वतःच आला नाही, त्याला मी काय करणार?

११ ऑगस्ट

दोन दिवस पुस्तकं चाळली. अनुच्छेद ३११! शिक्षेआधी बाजू मांडायची वाजवी संधी द्या म्हणणारा तो अनुच्छेद सरकारी सेवकांसाठी आहे. आम्ही सार्वजनिक उपक्रमातले, आम्हाला तो लागू नाही. इतकं हलकं वाटलं की दुसऱ्यांदा कॉफी केली, वासुदेवलाही दिली.

संध्याकाळी वर्ग संपल्यावर सरांना सांगितलं. त्यांनी पिशवीची चेन लावता लावता उत्तर दिलं. "३११ नाही लागू, बरोबर. पण बारावा अनुच्छेद पुन्हा वाचा, मॅडम. 'राज्य' कुणाला म्हणायचं ते त्यात आहे. तुमच्यासारखे कारखानेही त्यात येतात. म्हणजे समानतेचा चौदावा अनुच्छेद लागू, म्हणजे मनमानी बंद. तुमच्या कारखान्याच्या नियमांत, स्थायी आदेशांतही ऐकून घ्या असंच लिहिलं असणार."

होतं लिहिलेलं. मीच ते नवीन लोकांना शिकवायचे.

घरी येऊन बारावा अनुच्छेद वाचला. आजवर राज्य म्हटलं की डोळ्यांसमोर विधानसौध यायचं. त्या दिवशी शेषगिरींपुरतं राज्य म्हणजे लाल पेन घेतलेली मी होते. फार वाईट वाटलं.

१९ ऑगस्ट

निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. सकाळच्या शंभर फुलांच्या चित्रांतून वाट काढत उत्तर आलं: शेषगिरी राव चामराजपेटेत असतात, पुस्तकं बांधायचं छोटं दुकान आहे, तब्येत बरी. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'का हो मॅडम, आता कशाला?'

रविवारी जायचं ठरवलं. निवेदन लिहायला घेतलं आहे. चार पानं झाली. तिसऱ्या पानावर बाराव्या अनुच्छेदाचा उल्लेख येतो, तो मला चांगला साधला आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

जाऊन आले. छातीवरचा धोंडा उतरला.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खळीचा वास, शिवणाच्या दोऱ्याची रिळं, वर्षभराच्या शाळेच्या हजेरीपटांचे गठ्ठे. शेषगिरी सदुसष्टचे आहेत, केस पांढरे शुभ्र, चष्म्याला दोरी. मला पाहून उठून उभे राहिले. अजून उभे राहतात! मला कसंतरीच झालं. त्यांच्या पत्नी पद्मावतीबाईंनी स्टुलावरचे कागद उचलून जागा करून दिली.

"बसा की अक्का. स्वल्प कॉफी घ्या," त्या म्हणाल्या.

मी मिठाईचा डबा ठेवला आणि निवेदन वाचायला घेतलं. मध्ये रिक्षांचे हॉर्न, त्यामुळे आवाज चढवून वाचावं लागलं. अर्धा तास लागला. दुसऱ्या पानावर शेषगिरी म्हणाले, "अक्का, त्या दिवशी मी काय झालं की..." मी लगेच हात जोडले. म्हटलं, नको, आता तुम्ही कसलाही खुलासा द्यायचा नाही. खुलासे मागणारी मी संपले. तुम्ही आला नाहीत, तुमची काही कारणं असतील, माझ्या मनात त्याचा राग नाही. पुढे आणखी एकदा त्यांनी तोंड उघडलं, तेव्हाही मी थांबवलं. म्हाताऱ्या माणसाला जुनं उकरायला लावणं बरं नव्हे.

शेवटी मी म्हटलं, "चौथी तारीख दिली नाही, ही माझी चूक. मला माफ करा." पद्मावतीबाई भिंतीकडे बघत होत्या. शेषगिरी म्हणाले, "सरी अक्का, ठीक आहे. एवढ्या लांब आलात." मला बसपर्यंत सोडायला आले.

येताना गौरीच्या सणासाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. कित्येक दिवसांनी भूक लागली होती.

२९ ऑगस्ट

गणपतीच्या गडबडीत राहून गेलं होतं, ते आज जेवताना वासुदेवला सविस्तर सांगितलं. निवेदनातला बाराव्या अनुच्छेदाचा परिच्छेदही ऐकवला. तो वरणात लिंबू पिळत होता.

"काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार? ऐकत होता बिचारा."

"तू काही विचारलंस त्याला?"

"काय विचारायचं?"

"तो तेव्हा का आला नाही, ते."

मी म्हटलं, मी जखमेवर मीठ चोळायला गेले नव्हते. तो म्हणाला, बरं. हा माणूस 'बरं' म्हणतो ना, तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही होते. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत उंदरांशी बोलला आणि आता मला माणसांशी बोलायला शिकवतो. ताट उचलून आत गेले.

२ सप्टेंबर

अबोला सुरू. चौथा दिवस.

५ सप्टेंबर

नाही विचारलं. सत्तावीस वर्षांनी त्या माणसाच्या घरी गेले ते 'तुमचं ऐकून घेतलं नाही' हे सांगायला, आणि तिथेही अर्धा तास मीच बोलले. वर त्यांना माफही करून आले. ज्या गोष्टीची माफी मागत होते, तीच त्यांच्यासमोर बसून पुन्हा केली. हे लिहिताना कान गरम होतात.

वासुदेवला सांगितलं. तो म्हणाला, "परत जा." या वेळी मला राग आला नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज कोरी वही आणि पेन, एवढंच नेलं. दारातूनच म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही काहीतरी सांगत होतात, मी बोलू दिलं नाही. आज मी ऐकायला आले आहे."

शेषगिरींनी बायकोकडे बघितलं. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "सांगून टाका. मी तरी किती वेळा ऐकायचं?" मग शेषगिरींनी खळीचे हात पुसले आणि समोर बसले. त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे.

"मी आलो होतो हो अक्का. तीनी दिवस आलो होतो. गेटापाशी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"नोटीस दाखवलो फत्तेसिंगला. तो म्हणाला, चिठ्ठी नाही, पास नाही, अंदर कैसे छोडूँ? त्याचं तरी काय चुकलं? आदेश तुमचा होता. पास तुमच्याकडंच दिलेला. तुम्ही आत बोलावला, आणि आत यायची चिठ्ठी पाठवलाच नाही. पहिल्या दिवशी वाटलं, विसरला असतील. दुसऱ्या दिवशी पण तसंच. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या पाया पडलो, फोन तरी कर म्हणालो. केला त्यानं. मग फोन ठेवून माझ्याकडं बघून मान हलवला."

"मला पत्र का नाही लिहिलंत?" मी विचारलं.

"लिहिलो की. दोन लिहिलो."

आली होती. चौकशी बंद झाल्यानंतर आली म्हणून तसा शेरा मारून मी ती फाइलला लावली होती. फोडून वाचली होती की नाही ते आठवत नाही. आठवत नाही, हेच किती वाईट आहे!

पद्मावतीबाईंनी आतून पत्र्याचा डबा आणला. त्यात माझ्या तिन्ही नोटिसा, घड्या फाटू नयेत म्हणून मागून पातळ कापड लावलेल्या. आणि एक गुलाबी चिठ्ठी: सहा मायक्रोमीटर तपासणीसाठी आमच्या दुसऱ्या कारखान्यात पाठवल्याची, फोरमनच्या सहीची. "हीच दाखवायला येत होतो," शेषगिरी म्हणाले. "दोन मिनिटांचं काम होतं."

युनियनवाले कोर्टात जा म्हणत होते. पण शेषगिरी म्हणाले, तीन दिवस एका दारात उभा राहिलो होतो, दुसऱ्या दारात उभं राहायची ताकद नव्हती. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, कारखान्याचं फाटक सगळ्यांसाठी उघडं असायचं, त्यांची छोटी मुलगी आत जाऊन लाडू खाऊन यायची, म्हणून पुढे कित्येक वर्षं ती विचारायची, अप्पा, आपण का जात नाही? हे सांगताना मात्र ते थांबले, चष्मा काढला.

मी रडले. लपवलं नाही, आणि माफी मागायचं धाडसही झालं नाही. मागच्या वेळी चार पानं भरून मागितली होती, ती कशाची?

निघताना त्यांनीच विचारलं, अगदी साध्या आवाजात, "अक्का, त्या दिवशी तुम्ही आत किती वेळ वाट बघितला?"

"पंधरा मिनिटं."

"हां." त्यांनी मान हलवली. "मी चार वाजेपर्यंत होतो. भोंगा झाला, मग गेलो."

१७ सप्टेंबर

गुरुप्रसाद सरांना सगळं सांगितलं. सत्तावीस वर्षांनी कायद्याने फारसं काही होणार नाही म्हणाले. "पण चौकशी अधिकारी तुम्हीच होता. तुमची नोंद चुकीची होती असं तुम्ही लेखी देऊ शकता. ते फाइलला लावतील की नाही, सांगता येत नाही."

शेषगिरींना फोन केला. म्हणाले, "मला आता त्यांच्याकडून काही नको. फक्त तिथं 'आला नाही' म्हणून लिहिलंय ना, ते तेवढं खोडायला सांगा. मुलीला मी आलो होतो म्हणूनच सांगितलोय. कागदावर पण तसंच असू दे."

२१ सप्टेंबर, रविवार

चामराजपेटेत जाऊन जबाब घेतला. जसा तेव्हा घ्यायला हवा होता तसा. एक प्रश्न, एक उत्तर. लिहिलेलं वाचून दाखवलं. एके ठिकाणी ते म्हणाले, "पाया पडलो ते काढा अक्का, पोरगी वाचेल." काढलं. तीन पानं झाली, त्यांनी प्रत्येक पानावर सही केली. माझं निवेदन या वेळी पाच ओळींचं आहे. बारावा अनुच्छेद त्यात नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पाकीट घेऊन सकाळी दहाला कारखान्याच्या फाटकावर गेले. पोस्टाने पाठवणार नव्हते. पोस्टाने गेलेल्या पत्रांचं तिथे काय होतं ते मला माहीत आहे.

फाटकावरच्या मुलाने माझं निवृत्तांचं कार्ड उलटसुलट पाहिलं. "मॅडम, हे दवाखान्यापुरतं. आत जायला पर्सोनेलची चिठ्ठी पाहिजे." मी सांगितलं, मी पर्सोनेललाच होते, चौतीस वर्षं. तो नम्रपणे म्हणाला, "सरी मॅडम, पण चिठ्ठी पाहिजे." त्याने आत फोन लावला. ऐकलं, ठेवला. "पर्सोनेलच्या मॅडम मीटिंगमध्ये आहेत. बसा."

फाटकाबाहेर झाडाखाली सिमेंटचा बाक आहे. नोकरीची सगळी वर्षं मी त्याच्यासमोरून कंपनीच्या बसने आत गेले, बसले कधीच नव्हते. बसले आणि समोर बघितलं. कंपाउंडच्या जाळीतून प्रशासकीय इमारतीचा पहिला मजला दिसतो. डावीकडून तिसरी खिडकी माझी. तिथे उभी राहून मी अकराची कॉफी प्यायचे. बाकावरून खिडकीतलं माणूस स्पष्ट ओळखू येतं, हातातला कपसुद्धा दिसतो. आज तिथे एक मुलगी होती, निळ्या कुडत्यातली. फोनवर बोलत होती.

शेषगिरींनी हे मला सांगितलं नाही. तीन दिवस ते इथेच होते आणि मी त्यांना दिसत होते, हे त्यांनी जबाबातही घातलं नाही.

बारा वाजले, एक वाजला. फाटकावरच्या मुलाने पाण्याची बाटली आणून दिली, आणखी दोनदा फोन करून पाहिला. वासुदेवचा फोन आला, जेवलीस का. नाही म्हटलं. त्याने 'बरं' म्हटलं नाही, "येऊ का तिथे?" म्हणाला. मी नको म्हटलं. मग चारचा भोंगा झाला आणि लोक बाहेर पडू लागले. मी उठले नाही.

पावणेपाचला एक शिपाई आला, पाकीट घेऊन जातो म्हणाला. मी म्हटलं, पोच पाहिजे, आणि हे मला समोर बसून सांगायचं आहे. तो आत विचारून आला. आज जमणार नाही, उद्या या म्हणाले.

उद्या जाईन. डबा नेईन बरोबर.